कडुनिंबाखालची गाडी, दोन कव्हरं आणि अठरा महिने

कोथरूडमधली आमची सोसायटी बांधली तेव्हा लोकांकडे लुना होत्या. त्यामुळे सोळा फ्लॅटना छताखालची पार्किंगं सहा. ती कोणाची हे फार पूर्वीच ठरलंय आणि त्यावर सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलायचं नसतं. बाकीच्यांच्या गाड्या कंपाउंडच्या भिंतीलगत, उघड्यावर. मला कडुनिंबाखालची जागा मिळाली तेव्हा दोघा-तिघांनी चक्क अभिनंदन केलं होतं. सावलीतली जागा, नशीबवान आहात वगैरे.

त्या सावलीचं भाडं नंतर कळलं. मार्च-एप्रिलमध्ये मोहर गळतो, जून लागला की पिकलेल्या निंबोळ्या टपटपतात आणि त्या खायला कावळे, साळुंक्या, कोकिळा सगळे हजर. शिवाय गुढीपाडव्याच्या सकाळी पाला काढायला येणारी मंडळी. बॉनेटला गुडघा टेकवून फांदी ओढतात आणि वर आपल्यालाच शुभेच्छा देऊन जातात.

पण कव्हर घ्यायचं नक्की झालं ते कावळ्याच्या शिटेमुळे. गेल्या वर्षी पाडव्यानंतर चार दिवस गावाला गेलो, गाडी इथेच ठेवली. आल्यावर बॉनेटवरची शिट ओल्या फडक्याने भिजवून, घाई न करता काढली. शिट गेली, तिचा नकाशा तसाच राहिला. तिरप्या उन्हात आजही दिसतो. डेंटर-पेंटरने समजावलं ते असं : पक्ष्यांच्या शिटेत युरिक अ‍ॅसिड असतं. ते एकटं तेवढं नुकसान करत नाही. पण एप्रिलच्या उन्हात पत्रा तापतो, वरचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, नरम पडून जरासा फुगतो. रात्री गार झाला की वाळून कडक झालेल्या त्या थराभोवती आवळतो. असं चार दिवस झालं की ठसा बसलाच. आणि हा क्लिअर कोट माणसाच्या केसापेक्षाही पातळ, त्यामुळे पॉलिश मारून मारून तरी किती मारणार?

गाडी निळी वॅगन-आर, २०२१ची. माझं काम आठवड्यातले तीन दिवस घरून. म्हणजे गाडी बरीचशी उभीच असते. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. रोज सकाळी आठला गाडी काढून रात्री नऊला परत लावणाऱ्याने कव्हर घेऊच नये असं माझं मत झालंय. पहिला आठवडा हौसेने घालाल, तिसऱ्या आठवड्यापासून ते डिकीत पडून राहील. आमच्या सोसायटीत अशी दोन कव्हरं दोघांच्या डिक्यांमध्ये आहेत.

पहिलं कव्हर ऑनलाइन मागवलं, ८५० रुपयांना. चंदेरी रंगाचं, पातळ टाफेटाचं, म्हणजे छत्रीसारख्या कापडाचं. जाहिरातीत ‘१९०टी’ ठळक अक्षरांत होतं. मला वाटलं काहीतरी दर्जा असेल. एका चौरस इंचात उभे-आडवे मिळून किती धागे, एवढाच त्याचा अर्थ. कापड किती जाड आहे, आतून मऊ आहे का, चंदेरी लेप किती टिकेल, यातलं काहीही त्यातून कळत नाही.

मापाचं प्रकरण त्याहून मजेशीर. कव्हरवर नुसतं ‘हॅचबॅक’ लिहिलं होतं. २०१८ची स्विफ्ट ३८४० मिलिमीटर लांब आणि १५३० उंच. माझी वॅगन-आर ३६५५ लांब, पण १६७५ उंच. दोन्ही हॅचबॅकच. लांबीला कव्हर सैल, म्हणून मागे पुढे झोळ. आणि उंचीला कमी, म्हणून बंपरचा खालचा भाग, अर्धी चाकं उघडी. आखूड पायजमा घातलेल्या काकांसारखी गाडी दिसायची. झोळ दिसायला वाईट, पण त्याहून वाईट म्हणजे तो वाऱ्यात फडफडतो, आणि फडफडणारं कापड रंगावर घासतं.

मे महिन्यात वळवाचा पाऊस आला त्या संध्याकाळी याचा निकाल लागला. खाली फक्त इलास्टिक होतं, पोटाखालून बांधायचा पट्टा नव्हता. वारं आत शिरलं, कव्हर फुग्यासारखं फुगलं आणि उडून शेजारच्या बंगल्याच्या पेरूच्या झाडावर जाऊन बसलं. वॉचमनकाका ते काठीने काढत म्हणाले, “साहेब, गाडीपेक्षा हेच जास्त फिरतंय.” मग मी दोन्ही बाजूंना नाडी शिवून घेतली आणि ती चाकाच्या रिमला बांधायला लागलो. एकदा सोडायची विसरून गाडी सुरूही केली होती. नाडी तुटली, बाकी काही झालं नाही.

खरी चूक मात्र कव्हरची नव्हती, माझी होती. धुळीने माखलेल्या गाडीवरच मी कव्हर ओढत होतो. शेजारची बिल्डिंग तेव्हा रीडेव्हलपमेंटला गेलेली, दिवसभर तोडफोड. काच आणि बॉनेटवर सिमेंटची धूळ, वर कव्हर, वर वारा. दोन महिन्यांत गाडीच्या छतावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल चरे दिसायला लागले. कव्हर न घालता नुसती धुळीत उभी राहिली असती तरी हे झालं नसतं. धूळ नुसती बसली तर धुऊन निघते. तिच्यावर कापड घासलं की ती पॉलिश पेपरचं काम करते. आता माझा नेम असा की कव्हर घालायच्या आधी दोन लिटरची पाण्याची बाटली आणि दोन मायक्रोफायबर फडकी. वेळ नसेल तर कव्हर नाही. कोरड्या ब्रशने झटकणं मी बंद केलं, त्यानेही तेच होतं.

मग पावसाळा. इथे माझी समजूत पूर्ण उलटली. कव्हर मुख्यतः पावसासाठी घ्यायचं असतं असंच मी धरून चाललो होतो. पाऊस गाडीचं काही वाईट करत नाही हो! उलट निंबोळ्यांचा चिकटा आणि शिटा फुकटात धुऊन टाकतो. वाईट करतं ते अडकून राहिलेलं पाणी. पातळ कव्हरच्या शिवणींतून पाणी आत झिरपायचं आणि चंदेरी लेपामुळे वाफ बाहेर पडायची नाही. जुलैत आठ-नऊ दिवस झड लागली, ऊन दिसलं नाही, मीही कव्हर काढलं नाही. काढलं तेव्हा ते ओल्या पापडासारखं छताला चिकटलेलं. दार उघडल्यावर बंद माळ्याचा वास, सीटबेल्टवर आणि स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला पांढुरकी बुरशी. बॉनेटच्या कडेला खडा लागून रंग उडालेला एक टिकलीएवढा ठिपका होता, तिथे गंज धरलेला. त्यातच हँडब्रेक ओढून ठेवलेला, मागचे ब्रेक धरून बसले. गाडी हलताना ‘खटाक’ असा आवाज झाला तेव्हा माझ्याच पोटात गोळा आला. पावसात गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल, जमीन सपाट असेल तर गिअरमध्ये ठेवा, चाकाला वीट लावा आणि हँडब्रेक सोडा, हा सल्ला मेकॅनिकने दिला आणि मी पाळतो.

सप्टेंबरच्या उन्हात चंदेरी लेपाचे पापुद्रे सुटायला लागले. गाडीवर चमकी, माझ्या शर्टावर चमकी. ऑफिसात एकाने लग्नाहून आलात का विचारलं. शेवटी दिवाळीत पोरांच्या फटाक्याची ठिणगी पडून छतावर नाण्याएवढं भोक वितळलं. साडेसहा महिने टिकलं. आईने त्याच्या चांगल्या भागातून बाल्कनीतल्या सायकलीचं झाकण शिवलं, ते अजून आहे.

दुसरं कव्हर मी हातात घेऊन बघून घेतलं, नाना पेठेत. तीन-चार दुकानं पालथी घातली. एका दुकानदाराने तीन तुकडे काढून दाखवले आणि पाण्याचा प्रयोग करून बघा म्हणाला. मी आधी, वाफ बाहेर पडेल का हे बघायला, आतल्या बाजूने तोंड लावून फुंकर मारली, तर जाड, ताडपत्रीसारख्या तुकड्यातून काहीच बाहेर आलं नाही. तो म्हणे शंभर टक्के वॉटरप्रूफ. मधल्या तुकड्यावर पाणी टाकलं तर थेंब मोत्यासारखे राहिले, जरा वेळाने थोडं झिरपलं, पण फुंकर पलीकडे जात होती. मागच्या जुलैचा अनुभव ताजा होता, मी मधला घेतला. तीन थरांचा, आतला थर मऊ. वॅगन-आरच्याच मापाचा, आरशांना वेगळे खिसे, पोटाखालून दोन पट्टे. २,४०० सांगितले, २,२००ला दिलं. पट्ट्यांची बकलं प्लास्टिकची आहेत. ओढताना दरवाजावर आपटू नयेत म्हणून मी त्यांना जुने पायमोजे चढवलेत. शोभा काही नाही, पण चरा नाही.

मागे नंबरप्लेटच्या जागी पारदर्शक तुकडा आहे. आधी मला ती चैन वाटली. पण झाकलेली गाडी कोणाची हे कोणालाच कळत नाही, आणि पाण्याचा टँकर दारात उभा असताना ते कळावं लागतं. त्याच्या शेजारी ऑइलपेंटने फ्लॅट नंबरही घातला. कव्हरं चोरीला जातात. घाणेरड्या अक्षरांचं कव्हर कोणी नेत नाही.

घालण्या-काढण्याची पद्धत बसायला महिना गेला. काढताना पुढची बाजू काचेवरून छतावर, मागची डिकीवरून छतावर, मग दोन्ही कडा आत, आणि सगळ्याची लांबट वळकटी. आतली बाजू जमिनीला लागता कामा नये, लागली तर खडे घेऊन येते. घालताना वळकटी छतावर ठेवायची आणि उलट्या क्रमाने उलगडायची. एकट्याला चार मिनिटं पुरतात. गाडी नुकतीच बाहेरून आली असेल तर मात्र आधी वर जाऊन चहा घेऊन या. गरम सायलेन्सरला कापड चिकटलेलं मी दुसऱ्याच्या गाडीवर पाहिलंय.

हिवाळ्यात दोन गोष्टी निघाल्या. एक दव. डिसेंबरात सकाळी सातला कव्हर बाहेरून ओलंचिंब असतं, तसंच गुंडाळलं की दुपारी वास. शनिवारी लवकर निघायचं असेल तर मी आदल्या रात्री कव्हर घालतच नाही. दुसरी गोष्ट मांजर. कोमट बॉनेट आणि वर उबदार पांघरूण, तिला याहून काय हवं? एका रात्री कव्हरचा फुगवटा हलताना बघून बायको किंचाळली होती. पट्टे नीट आवळल्यावर मांजर बंद झालं. उंदीर मात्र इंजिनात खालून शिरतो, त्याच्यावर कव्हरचा काही उपाय नाही. उलट आडोसा मिळतो. दर चार-पाच दिवसांनी कव्हर काढून बॉनेट उघडून बघणं मला भाग आहे.

उन्हाळ्यात पैसे वसूल झाले. मार्च ते मे शिटेचा एकही नवा ठसा नाही. दुपारी दोनला स्टिअरिंग हातात धरवतं. वायपरची रबरं कडक झाली नाहीत. हेडलाइटचं मला विशेष वाटतं : ती काच नसतेच, पॉलिकार्बोनेट असतं, उन्हाने पिवळं पडतं. बाजूला उभी असलेली, माझ्याच वर्षाची पण कव्हर नसलेली गाडी आणि माझी, दोन्हींचे हेडलाइट शेजारी ठेवून बघितले तर फरक डोळ्यांना दिसतो. रंगपंचमीलाही निर्धास्त होतो.

यंदा पहिला दमदार पाऊस झाल्यावर मी कव्हर धुतलं, काढलं, गच्चीवर खडखडीत वाळवलं आणि चार महिने माळ्यावर टाकलं. गाडी पावसात उघडी. सोसायटीत दोघांनी विचारलं, कव्हर फाटलं का? यंदा बुरशी नाही, वास नाही, नवा गंज नाही. निंबोळ्यांचा त्रास झाला, पण चार बादल्या पाण्यात भागला. कव्हर धुतानाही ते गाडीवरच घालून पाइपने आणि मऊ झाडूने धुतो. मशीनमध्ये घालू नका, आतला थर सुटतो. ओलं झालं की इतकं जड होतं की गच्चीवर न्यायला दोघं लागतात.

तक्रारी आहेतच. छतावरचा रंग विटलाय. ऊन खाणाऱ्या बाजूची शिवण एप्रिलमध्ये उसवली, दुकानदाराने “कपड्याला गॅरंटी नसते” म्हणून वाटेला लावलं. बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडून साठ रुपयांत शिवून घेतली. उजव्या आरशाचा खिसा दोन इंच पुढे शिवलाय, रोज ओढून बसवावा लागतो. इलास्टिक सैल पडायला लागलंय. माझ्या अंदाजाने अजून एक उन्हाळा काढेल, दुसरा काढणार नाही.

काल ते माळ्यावरून खाली आणलं. रविवारी गाडी धुऊन घालणार, पण दिवाळीचे चार दिवस पुन्हा काढून ठेवणार. वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकांनीही तसंच कव्हर आणून द्यायला सांगितलंय. त्यांची गाडी छताखाली असते.