विमान कंपन्यांच्या शेअरचा अभ्यासवर्ग: एक अनुभव

छत्रपती संभाजीनगरात औरंगपुऱ्यातील एका शिकवणीचा, विमान व पर्यटन कंपन्यांच्या शेअरवरील चार रविवारांचा वर्ग मी नुकताच पूर्ण केला. त्याची खरी ताकद आलेखांत नव्हे, तर व्यापारी बातमी वाचायला शिकवण्यात आहे. कच्चे तेल भडकले की विमानाचे इंधन महागते आणि कंपन्यांनी भाड्याने घेतलेल्या विमानांचे भाडे बहुतांशी डॉलरमध्ये द्यावे लागत असल्याने रुपया घसरला की खर्च दुसऱ्या बाजूनेही वाढतो, हे सरांनी इंडिगोच्या तिमाही निकालांतून इतके नेमके उलगडले की सोयाबीनच्या भावावर डोळा ठेवणाऱ्या आमच्यासारख्यांनाही ते सहज उमगले. जेट एअरवेजची उड्डाणे १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. त्याआधी थकलेल्या पगारांच्या आणि जमिनीवर उभ्या राहिलेल्या विमानांच्या बातम्या येतच होत्या, हे उदाहरण सर्वांत मोलाचे ठरले.

आलेखांचा भाग मात्र घाईत उरकला. २०० दिवसांची सरासरी रेषा, म्हणजे मागील २०० दिवसांच्या भावांची सरासरी दाखवणारी रेषा, कशी काढतात ते कळले. परंतु ऑक्टोबर २०२१ मध्ये आयआरसीटीसीच्या एका शेअरचे पाच झाले, तेव्हा आलेखावरील जुने भाव त्यानुसार जुळवून दाखवले जातात, हे मलाच विचारावे लागले. ‘कोणता शेअर घ्यावा’ या प्रश्नाला सरांनी शेवटपर्यंत दाद दिली नाही, हे मला आवडले.