सेलमनंतर सरळ की उजवीकडे? कन्याकुमारीचा शेवटचा टप्पा

श्रीनगरहून निघालेला असो की आमच्या नागपूरहून, 44 नंबरचा महामार्ग धरून दक्षिणेला उतरणाऱ्या सायकलवाल्याला तमिळनाडूतल्या सेलममध्ये एकदा थांबून विचार करावाच लागतो. सरळ नामक्कल, करूर, दिंडीगल, मदुराई, तिरुनेलवेली करत उतरायचं? की उजवीकडे वळायचं, कोइम्बतूरहून पालक्काडच्या खिंडीतून केरळात शिरायचं आणि किनाऱ्याकिनाऱ्याने कन्याकुमारी गाठायची? मी दोन्ही केलंय. 2018 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात श्रीनगरहून आलो तेव्हा उजवीकडे वळलो. 2023 च्या जानेवारीत नागपूरहून निघालो तेव्हा सरळ गेलो.

सेलमपासून सरळ रस्ता साधारण 480 किलोमीटर, केरळातून साडेसहाशेच्या आसपास. दीड-दोन दिवसांचा फरक. तीन हजार किलोमीटर मागे टाकून आलेल्याला दोन दिवसांचं काही वाटत नाही, तेव्हा अंतरावरून ठरवू नका.

आधी केरळबद्दल, कारण त्याची बाजू खरोखर भक्कम आहे. तेलंगणा, रायलसीमा ओलांडून आल्यावर पालक्काडनंतर रस्त्यावर सावली पडते, तेव्हा डोळ्यांना जे वाटतं ते सांगून कळायचं नाही. जेवणाखाण्याची, मुक्कामाची चिंता जवळजवळ संपते. एक गाव कधी संपलं आणि दुसरं कधी लागलं ते पाटी वाचल्याशिवाय समजत नाही. सकाळी पुट्टू (तांदळाच्या पिठाचा वाफवलेला प्रकार) आणि कडला (हरभऱ्याची उसळ), दुपारी चहाबरोबर गरम पळंपोरी, म्हणजे केळ्याची भजी, दर दहा किलोमीटरला लॉज. मी गेलो ते ऑगस्टच्या महापुरानंतर अडीच-तीन महिन्यांनी. चालक्कुडी, आलुवा भागात घरांच्या भिंतींवर पाणी कुठवर चढलं होतं त्याच्या रेघा तशाच होत्या, आणि त्याच घरांतल्या माणसांनी मला पाणी भरून दिलं. फोर्ट कोचीहून चेल्लानमवरून आलप्पुळाला जाणारा किनाऱ्याचा रस्ता तर महामार्ग सोडून मुद्दाम धरावा असा आहे. शेवटाकडे तक्कलैजवळ पद्मनाभपुरमचा लाकडी राजवाडा लागतो. अर्धा दिवस गेला तरी तो चुकवू नये.

तरीही, पुन्हा गेलो तर मी तिकडून जाणार नाही. कारण एकच: ब्रेक.

लांबच्या प्रवासात तीन आठवडे झाले की बहुतेकांच्या हाताचं जे होतं ते माझंही झालं होतं. तळव्याच्या करंगळीकडच्या बाजूने जाणारी नस हँडलच्या दाबाखाली दबत राहते. आधी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, मग मुठीतली ताकद कमी होते. यावर उपाय साधा आहे. दर पाच-दहा मिनिटांनी पकड बदलायची, एक हात सोडून झटकायचा, मनगट सरळ ठेवायचं. 44 वर कडेची रुंद पट्टी मिळते, त्यामुळे हे आपोआप होत राहतं. केरळात मला ते करताच आलं नाही. मी गेलो तेव्हा कोचीच्या खाली किनाऱ्याचा महामार्ग बराचसा दोन पदरी होता. पांढऱ्या रेघेच्या बाहेर हातभर जागा, तीही उखडलेली. मागून बस येते, जोरात हॉर्न देते, ओलांडून पुढे जाते आणि शंभर मीटरवर थांब्यासाठी आपल्याच समोर डावीकडे घुसते. आपण ब्रेक दाबतो. ती निघते, आपण वेग घेतो, तेवढ्यात दुसरी येते. चौक, शाळा सुटलेली, गल्लीतून निघालेली रिक्षा, पुन्हा ब्रेक. कोल्लमच्या पुढे एका ठिकाणी उजवा ब्रेक दाबायला बोटं पुरेशी वळलीच नाहीत. तळहाताने खेचून कसाबसा थांबलो. काही झालं नाही. पण तिथून कन्याकुमारीपर्यंतचे दोन दिवस मी रस्त्याकडे कमी आणि हातांकडे जास्त लक्ष देत चालवले. तिरुवनंतपुरमनंतरचा मार्तंडम, नागरकोइलकडचा चढउताराचा अरुंद रस्ता त्यात आणखी जड गेला.

आता त्या महामार्गाचं सहापदरीकरण चाललंय, आणि पालक्काड-थ्रिसूरमधल्या कुतिरानच्या चढावर 2021 पासून बोगदा झालाय. त्यामुळे माझा अनुभव काही जागी जुना ठरेल. शिवाय दुसऱ्या वेळी मी नागपूरहून निघालो होतो, म्हणजे हात निम्मेच थकलेले होते. एवढी सूट माझ्या मतातून वजा करून घ्या.

सरळ रस्त्याचे दोष मी लपवत नाही. बायपास गावांना टाळून जातात. चहासाठी, मुक्कामासाठी मुद्दाम आत वळावं लागतं. विरुधुनगरपासून पुढे सावली जवळजवळ नाही, नुसती ताडाची झाडं. कडेच्या पट्टीवर दुचाक्या उलट्या दिशेने येतात, त्यासाठी डोळे उघडे हवेत. आणि वारा. पनगुडी, कावलकिनारूच्या भागात पश्चिम घाटाची रांग संपत येते, आणि आरलवायमोळीच्या खिंडीतून नैऋत्य मोसमी वारा घुसतो. मुप्पंदलच्या पवनचक्क्या तिथे उगाच उभ्या नाहीत. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तो उजवीकडून आडवा मारतो आणि बॅगा लादलेली सायकल अख्खी सरकवतो. मी जानेवारीत गेलो, मला त्रास झाला नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे परतीच्या मोसमी वाऱ्यांचा पाऊस असतो, तेव्हा जानेवारी-फेब्रुवारी सगळ्यात बरी.

पण या रस्त्याने लय मिळते. करूरच्या अलीकडे कावेरीचं रुंद पात्र ओलांडलं, मदुराईला एक दिवस थांबलो, कोविलपट्टीत शेंगदाण्याची चिक्की घेऊन खिशात भरली. कयत्तारला 1799 मध्ये इंग्रजांशी लढलेल्या कट्टबोम्मन या पाळेगाराला फाशी दिली, त्याचं स्मारक रस्त्यालगतच आहे, तिथे सायकल लावून बसलो. तिरुनेलवेलीत संध्याकाळी ताम्रपर्णीच्या काठावर हलवा खाल्ला. या सगळ्यात मला हातांची आठवण फारशी झाली नाही.

दुसरी गोष्ट मला आधी लक्षातच आली नव्हती. केरळातून गेलात की समुद्र तीन-चार दिवस आधीपासून भेटत राहतो. कन्याकुमारीला पोचल्यावर तो ओळखीचा झालेला असतो. सरळ रस्त्याने तसं होत नाही. शेवटच्या दिवशीसुद्धा उजवीकडे डोंगर आणि पवनचक्क्याच असतात, आणि मग रस्ता संपतो तिथेच पहिल्यांदा पाणी दिसतं, पाण्यात विवेकानंद शिला आणि तमिळ कवी तिरुवल्लुवरचा 133 फुटांचा पुतळा. शिलेवरचं स्मारक उभं करणारे एकनाथ रानडे आमच्या विदर्भातले, अमरावती जिल्ह्यातले. नागपूरच्या दारातून सायकल काढून तिथवर आलेला मी बराच वेळ काही न बोलता उभा होतो.

ज्यांना केरळ पाहायचंच आहे त्यांनी जरूर वळावं, पण रोज पन्नास-साठ किलोमीटरच धरावेत आणि जमेल तिथे महामार्ग सोडावा. ठरत नसेल तर सेलमच्या मुक्कामी सकाळी उठल्यावर एक करून बघा. शर्टाचं बटण आधी उजव्या, मग डाव्या, अशा एकेकट्या हाताने लावून पाहा. लागत नसेल तर सरळ जा.