दारातली कोरफड आणि तव्याचे चटके: दहा महिन्यांच्या वापरानंतर

आमचा घरगुती कडक भाकरीचा धंदा आहे. मी आणि जाऊबाई मिळून रोज शंभर-सव्वाशे भाकरी करतो, गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत त्याहून जास्त. पातळ थापायची, तव्यावर भाजायची, मग मंद आचेवर दाबत दाबत कडक करायची. यात मनगट तव्याच्या कडेला लागतं आणि फुगलेली भाकरी फुटली की वाफ थेट बोटांवर येते. आठवड्यातून दोन-तीन चटके ठरलेले. आधी टूथपेस्ट फासायचो, त्यानं आग थांबत नव्हती आणि डाग मात्र पडायचे.

यंदा गड्ड्याची गर्दी ओसरल्यावर शेजारच्या पद्मशाली आजींनी कोरफडीचं एक पिल्लू आणून दिलं. त्या तिला तेलुगूत 'कलबंद' म्हणतात, आमच्या कानडी दूधवाल्याच्या तोंडी 'लोळेसर' असतं. मला झाड माहीत होतं ते माहेरच्या चौकटीला उलटं टांगलेलं, माती-पाण्याशिवाय महिनोन्महिने हिरवं राहणारं.

सुरुवात वाईट झाली. पान तोडलं, मधोमध चिरलं आणि तसंच हातावर चोळलं. अर्ध्या तासात खाज सुटली, बारीक पुरळ आलं, दोन दिवस गेलं नाही. आपल्याला कोरफड सोसत नाही असंच वाटलं. आजींनी विचारलं, "पिवळं पाणी काढलंस का गं?" मग त्यांनी स्वतः करून दाखवलं. बुडाचं जाड पान मुळापासून कापलं आणि कापलेली बाजू खाली करून स्टीलच्या पेल्यात उभं केलं. पंधरा-वीस मिनिटांत पेल्याच्या तळाशी पिवळा, चिकट, उग्र वासाचा रस जमला. बोटाला लागलेला थेंब जिभेवर ठेवला तर कारल्याहून कडू. नंतर पान धुतलं, दोन्ही कडांचे काटे काढले, साल सोलली आणि आतला काचेसारखा गर पुन्हा एकदा पाण्याखाली धरला. त्या दिवसापासून आजवर एकदाही खाज आलेली नाही.

मला सगळ्यांना सांगायचंय ते हेच: एका पानात दोन वेगळी औषधं आहेत. सालीच्या लगेच आत पिवळा रस असतो, त्यात अ‍ॅलोइन नावाचं जुलाब करणारं द्रव्य असतं. त्याच्या आतला गर जवळजवळ ९९ टक्के पाणी, बाकीच्यात त्याला बुळबुळीत करणाऱ्या शर्करा. आणि जुन्या काळी 'कोरफडीचं औषध' म्हणून जगभर विकलं गेलं ते बहुतांशी तो पिवळा रसच, आटवून काळा दगड केलेला. आपल्याकडे त्यालाच काळा बोळ म्हणतात. माझ्या आजीच्या बटव्यात तो असायचा, मुका मार लागला की उगाळून, कोमट करून लेप लावायची.

इजिप्तच्या सुमारे इ.स.पू. १५५० च्या औषधी पपायरसात कोरफडीचा उल्लेख आहे. पहिल्या शतकातल्या ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीसनेही तिचे उपयोग लिहून ठेवले. अरबस्तानच्या दक्षिणेला असलेलं सोकोत्रा बेट तर काळ्या बोळाच्या व्यापारासाठी प्रसिद्ध होतं. पुढे बार्बाडोससारख्या कॅरिबियन बेटांवर तिची शेती झाली, म्हणून आजही बाटल्यांवर 'बार्बाडेन्सिस' असं लिहिलेलं दिसतं. आयुर्वेदात ती कुमारी, घृतकुमारी, आणि कुमारी आसव आजही दुकानात मिळतं. गराचा बोलबाला त्यामानानं नवा. १९३५ मध्ये अमेरिकेत क्ष-किरणांनी भाजलेल्या त्वचेवर ताजं पान वापरल्याचा अनुभव प्रसिद्ध झाला, त्यानंतर तिकडे गराकडे लक्ष गेलं.

आता प्रत्यक्ष वापराचं. चटका बसला की आधी नळाखाली किंवा तांब्यानं साधं पाणी, निदान दहा मिनिटं. आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, म्हणून ओट्याशेजारी एक कळशी यासाठीच भरलेली असते. मग गार गर. आग लवकर बसते, कातडी ताणल्यासारखी होत नाही. नुसत्या लाल चटक्याला दहापैकी नऊ गुण देईन. पण जूनमध्ये जाऊबाईंच्या तळहाताला मोठा फोड आला तेव्हा गर न लावता सरळ डॉक्टर गाठला, आणि तेच बरोबर होतं.

टाक्यांवर किंवा उघड्या जखमेवर लावू नका. नणंदेच्या सिझेरियननंतर कुणीतरी तसं सुचवलं होतं, मी अडवलं. अमेरिकेत १९९१ साली पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर उघड्या पडलेल्या जखमांवर कोरफडीचं जेल वापरून पाहिलं होतं. साध्या मलमपट्टीनं जखम भरायला सरासरी ५३ दिवस लागले, जेल लावलेल्यांना ८३.

पिण्याच्या रसाचा अनुभव फार वाईट. 'पोट साफ, वजन कमी' म्हणत ओळखीतल्या एकानं बाटली गळ्यात मारली. चार दिवसांत पोटात मुरडा आणि जुलाब, ऐन मे महिन्यात. बाटलीवर 'संपूर्ण पानाचा रस' लिहिलं होतं, म्हणजे साल आणि पिवळा रस सगळं आलं. अमेरिकेनं २००२ मध्ये दुकानात सहज मिळणाऱ्या जुलाबाच्या औषधांतून हा पिवळा रस काढायला लावला. गरोदर बायकांनी, किडनीचा त्रास असणाऱ्यांनी आणि लहान मुलांनी तर पोटात घेऊच नये. ती बाटली मी मोरीत ओतली.

केस वाढतात म्हणतात, माझे वाढले नाहीत. डोक्याची खाज मात्र कमी झाली.

काढलेला गर बाहेर काही तासांतच पातळ पडतो, लालसर होतो. मी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते, सकाळी चूल पेटवायच्या आधी एक खडा वाटीत काढून ठेवते. झाडाला मात्र काही लागत नाही. पानांची छिद्रं ती दिवसा मिटून घेते आणि रात्री उघडते, म्हणून सोलापूरच्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांतही तगते. एप्रिलच्या उन्हात पानं तांबूस झाली होती, कुंडी पायरीच्या सावलीत सरकवल्यावर पुन्हा हिरवी झाली. पावसाळ्यात मी मायेनं जास्त पाणी घातलं आणि एक पिल्लू मुळाशी कुजून गेलं.

बाकीची सात जगली. मंडईतल्या भाजीवाल्या मावशींना एक दिलं, जाऊबाईंच्या माहेरी दोन. देताना आधी त्यांच्यासमोर एक पान कापून पेल्यात उभं करते, पिवळं पाणी उतरलेलं दाखवते आणि मगच पिल्लू हातात देते.