तुटलेला बारीक स्क्रू काढणारी दातेरी नळी

गिटारच्या हेडस्टॉकवर, म्हणजे मानेच्या टोकावर, ट्यूनर (तारा ताणण्याच्या खुंट्या) बसवण्याचे स्क्रू इतके बारीक असतात की मेपलसारख्या कठीण लाकडात, अरुंद भोकात ते जोराने पिळले, तर माथा तुटतो आणि दांडा आत राहतो. त्या दांड्यातच ड्रिल करणे व्यर्थ आहे, कारण बिट धातूवरून घसरून शेजारचे लाकूड खरवडते.

ही दातेरी तोंडाची पोकळ नळी स्क्रूभोवतीचे लाकूड कापते आणि ड्रिल उलट्या दिशेने, सावकाश चालवले की पुष्कळदा दांडा नळीत पकडला जाऊन आट्यांवरून फिरत वर येतो, हे पाहताना खरोखर समाधान वाटते. मात्र नळीला मधले टोक नसल्यामुळे ती सुरुवातीला भटकते. म्हणून तिच्या मापाचे भोक पाडलेली लाकडी पट्टी क्लॅम्पने वर आवळणे मी अनिवार्य मानतो. नळीची भिंत पातळ असल्याने दाब देऊ नये.

मागे राहणारे मोठे भोक ही या साधनाची उणी बाजू आहे. ते डॉवेल (गोल लाकडी दांडी) चिकटवून बुजवावे लागते, पण ट्यूनरखाली ते बहुतेक झाकले जाते. नवा स्क्रू बसवण्यापूर्वी योग्य मापाचे भोक पाडून आट्यांना मेण अवश्य लावावे.