सुट्टीच्या दिवशी मोठं शहर बघायचं: पायी की मेट्रोने?

एक अख्खा दिवस हाताशी आहे, घाई कसली नाही, मग शहर पायी बघायचं की डे पास काढून मेट्रोने? माझं मत आधीच सांगते, पायी. अट एकच, दिवसाला एकच भाग. माणूस तासाला 4-5 किमी चालतो हे खरं, पण फोटो काढत, कुठेतरी तव्यावर काहीतरी चुरचुरतंय म्हणून गल्लीत वळत गेलं की 2 पण होत नाहीत, आणि मजा त्यातच आहे ना. खाणं तर पायीच जमतं, जिथे ऑफिसवाले उभ्या उभ्या खाताना दिसतील तिथे घुसायचं, दोघांत एक प्लेट घ्यायची आणि पुढे सुटायचं.

मेट्रोने लांबची दोन-तीन ठिकाणं होतात, पाय शाबूत राहतात. पण भुयारात शहर दिसत नाही आणि नकाशा फसवतो. 1933 साली लंडनमध्ये हॅरी बेक या आरेखकाने काढलेला मेट्रोचा तो सरळ रेघांचा नकाशा आला, पुढे बऱ्याच शहरांनी तोच कित्ता गिरवला, त्यात अंतर खरं नसतंच. तिथलीच लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन ही दोन मेट्रो स्टेशनं घ्या, जेमतेम 300 मीटर, खाली उतरून परत वर येईपर्यंत चालत पोचाल. त्यापेक्षा बस बरी, वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तर काय विचारता!

ऊन कडक असेल किंवा सोबत आई-बाबा असतील तर मात्र निमूट पास काढा. मी एकदा नवे बूट घालून निघाले, दुपारपर्यंत टाचेला फोड, उरलेलं शहर बाकावर बसून बघितलं. आणि हो, म्युझियमची सुट्टी आधी बघा, पॅरिसचं लूव्र मंगळवारी बंद असतं.