रोटरवरचे नाव आणि आतले यंत्र: दक्षिण मुंबईतील एका घड्याळ-दालनाविषयी

दक्षिण मुंबईतील या दालनात महागडी घड्याळे मनमोकळेपणाने हाताळू देतात आणि विक्रेते घाई करत नाहीत. त्याबाबत तक्रारीला जागा नाही. माझी हरकत आहे ती घड्याळाच्या आतल्या यंत्राबद्दल जे सांगितले जाते त्याला. ‘कंपनीचे स्वतःचे कॅलिबर’, म्हणजे स्वतःचे यंत्र, हे शब्द इथे सर्रास ऐकू येतात. मात्र मुळापासून घडवलेले यंत्र, दुसऱ्याच्या आराखड्यात फेरफार करून बांधलेले यंत्र आणि तयार विकत घेऊन रोटरवर (मनगटाच्या हालचालीने फिरून घड्याळाला चावी देणाऱ्या भागावर) नाव कोरलेले यंत्र, अशा तिन्ही प्रकारांना ते सारखेच लावले जातात.

टॅग ह्यूअर या घड्याळ कंपनीच्या कॅलिबर ५ चेच पाहा. या एका नावाखाली कधी एटा या यंत्रे बनवणाऱ्या स्विस कंपनीचे २८२४-२ असते, तर कधी सेलिटा या तशाच कंपनीचे एसडब्ल्यू २००-१. दोन्हींचा आराखडा जवळपास एकच आणि दोन्हींची गती तासाला २८,८०० ठोक्यांची. ही यंत्रे टिकाऊ आहेत, आणि बाहेरचे यंत्र घेण्यात कमीपणाही नाही. रोलेक्सने १९८८ ते २००० या काळात आपल्या डेटोना घड्याळात झेनिथ कंपनीचे एल प्रिमेरो हे यंत्र वापरलेच की, पण ते वापरताना त्यात मोठे बदल केले आणि ठोके ३६,००० वरून २८,८०० वर आणले. एवढी मेहनत आणि नुसते नाव कोरणे यांना एकाच शब्दाने गौरवणे मला गैर वाटते.

क्रोनोग्राफमध्ये, म्हणजे स्टॉपवॉच असलेल्या घड्याळात, तर हा फरक बोटालाही कळतो. व्हालजू ७७५० या यंत्रावर आधारलेल्या घड्याळात स्टॉपवॉच सुरू-बंद करण्याचे काम कॅम, म्हणजे विशिष्ट आकाराचा फिरता तुकडा, करतो. त्याचे वरचे बटण दाबायला जोर लागतो आणि ते खट्‌कन बसते. शेजारच्या घड्याळात हे काम कॉलम व्हील, म्हणजे छोटे खांब असलेले चाक, करत होते; त्यात तेच बटण हलक्या दाबाने, सलग चालले. माहितीपत्रकात मात्र दोन्हींचे वर्णन शब्दशः सारखे होते, आणि किमतीतली तफावत कशामुळे, हे विचारल्यावर विक्रेत्याने सोन्याच्या डायलकडे बोट दाखवले.

दुरुस्तीच्या वेळी हा प्रश्न अधिक बोचतो, कारण एटा-सेलिटाची यंत्रे चांगल्या स्थानिक कारागिरांच्या सवयीची असतात, तर खास यंत्रासाठी बहुधा कंपनीच्याच सेवा केंद्राचा रस्ता धरावा लागतो. म्हणून बिलावर मूळ यंत्राचे नाव लिहून मागावे. मी मागितले तेव्हा वरिष्ठांना विचारून, काहीशा नाखुशीने का होईना, त्यांनी ते लिहून दिले.