पुरासाठीचा घरगुती अन्नसाठा: मायलर पिशव्या, ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या आणि तयार अन्नाची पाकिटे यांचा दोन वर्षांचा अनुभव

सांगलीच्या गावभागात राहणाऱ्या कुटुंबाला पावसाळ्याची बेगमी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. परंतु ती बेगमीच पाण्याखाली गेली तर काय खायचे, हा प्रश्न आमच्या घरात 2019 च्या ऑगस्टपर्यंत कोणाला पडला नव्हता. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट धरली जाते. 2005 च्या पुराची भिंतीवरची खूण पाहून आम्ही सामान तिच्यापेक्षा वीतभर उंच चढवले होते. 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेले आणि ते सगळे सामान बुडाले. जिन्याखालच्या पत्र्याच्या कोठीत वर्षाचा गहू होता. पाणी ओसरल्यावर खाली उतरलो, तेव्हा फुगलेल्या गव्हाने कोठीची शिवण उकलली होती आणि त्या फटीतून मोड आलेले, आंबूस वासाचे दाणे मुठीमुठीने बाहेर ओघळले होते. वरच्या मजल्यावर घरातली पाच आणि शेजारची तीन अशी आठ माणसे चार दिवस होती, आणि खाण्यासारखे म्हणावे तर एक डबा पोहे, गुळाची अर्धी ढेप आणि भडंगाच्या काही पुड्या एवढेच होते. पाच किलो तांदूळही वर होता, पण गॅसची टाकी खाली पाण्यात असल्यामुळे तो शिजवता आला नाही.

2021 च्या जुलैमध्ये पाणी पुन्हा 55 फुटांच्या आसपास आले, तेव्हा मात्र हा विषय नीट हाती घ्यायचे ठरवले. मे 2022 मध्ये मी तीन गोष्टी विकत घेतल्या: धान्य हवाबंद करण्यासाठी मायलरच्या पिशव्या, त्यांत टाकायच्या ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या आणि उघडून थेट खाता येतील अशी तयार अन्नाची पाकिटे. दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे त्या वापरून हा अभिप्राय लिहीत आहे. वस्तू कोणत्या विक्रेत्याकडून घेतल्या याचा उल्लेख मुद्दाम टाळला आहे, कारण एकाच प्रकारचा माल अनेकजण विकतात आणि माझ्या तक्रारी मालापेक्षा त्याच्यासोबत दिलेल्या सूचनांबद्दल अधिक आहेत.

मायलरची पिशवी म्हणजे प्लास्टिकच्या थरांमध्ये ॲल्युमिनियमचा पातळ थर असलेली जाड पिशवी. साध्या प्लास्टिकमधून हवा आणि दमटपणा हळूहळू आत शिरत राहतो. ॲल्युमिनियमच्या थरामुळे तो शिरकाव जवळजवळ थांबतो आणि उजेडही आत पोहोचत नाही. पिशवीचे तोंड बंद करण्यासाठी वेगळे यंत्र घ्यावे लागत नाही, घरातली कपड्यांची इस्त्री पुरते. मी लाकडी पट्टीवर तोंड सपाट पसरून, वर सुती फडके टाकून, इस्त्री सावकाश फिरवते. या कामात माझी पहिली चूक अगदी क्षुल्लक गोष्टीत झाली. तांदूळ ओतताना उडालेली पांढरी भुकटी पिशवीच्या तोंडाला आतून चिकटून राहिली होती आणि जिथे ती होती तिथे सांधा जुळलाच नाही. डोळ्यांना काही दिसत नव्हते; दुसऱ्या दिवशी पिशवी दोन्ही हातांनी दाबली, तेव्हा कडेने बारीक फुस्स आवाज आला. बारा पिशव्यांपैकी तीन अशा निघाल्या. तेव्हापासून तोंड कोरड्या फडक्याने आतून पुसल्याशिवाय मी इस्त्री हातात घेत नाही, आणि बंद केलेली प्रत्येक पिशवी दुसऱ्या दिवशी दाबून पाहते.

पुड्यांविषयी अधिक सविस्तर लिहायला हवे, कारण खरी गफलत तिथेच होते. पुडीत लोखंडाची भुकटी असते. ती गंजताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेते. म्हणूनच मोकळ्या हवेत आलेली पुडी तळहातावर ठेवली, तर काही मिनिटांत कोमट लागते, आणि फार वेळ तशीच राहिली तर पिशवीत जाण्याआधीच तिचे काम संपते. पुड्यांच्या पाकिटात एक छोटी गुलाबी गोळी असते. ती निळी-जांभळी झालेली दिसली, तर हवा आत शिरली आहे असे समजावे. माझ्याकडे आलेल्या दोन पाकिटांपैकी एकातली गोळी निळी होती. विक्रेत्याने ते बदलून दिले, हे नमूद करायला हवे.

मात्र त्याच विक्रेत्याने सोबतच्या कागदावर प्रत्येक पिशवीत 300 घनसेंटीमीटर ऑक्सिजन शोषणारी एक पुडी टाका, असे सरसकट छापले होते, आणि ते चुकीचे आहे. हवेत सुमारे 21 टक्के ऑक्सिजन असतो आणि धान्याच्या दाण्यांमधल्या पोकळीतही हवा भरलेली असते. दोन किलो तांदळाच्या पिशवीत साधारण सव्वा लिटर हवा राहते, म्हणजे ऑक्सिजन अडीचशे-पावणेतीनशे घनसेंटीमीटर, तेव्हा तिथे एक पुडी पुरते. पाच किलोच्या पिशवीत तीच पुडी निम्मेच काम करते. माझ्या पाच किलोच्या चार पिशव्यांपैकी एक चौदा महिन्यांनी उघडली, तेव्हा तांदळात सोंडे फिरत होते. दाण्याच्या पोटात आधीपासून असलेली अंडी मरण्याइतका ऑक्सिजन कमी झालाच नव्हता. दोन किलोच्या पिशव्यांपैकी एकीतही कीड निघाली नाही. पोहे आणि चुरमुरे यांच्याबाबतीत हा हिशेब आणखी बदलतो, कारण त्यांच्यात वजनाच्या मानाने हवाच जास्त असते. एक किलो पोह्यांना मी आता दोन पुड्या टाकते. पिशवी विटेसारखी घट्ट आवळली गेली नाही म्हणून घाबरू नये, हेही सांगावेसे वाटते. हवेतला उरलेला मोठा भाग नायट्रोजनचा असतो, तो जागेवरच राहतो, त्यामुळे पिशवी थोडी सैल दिसली तरी आतला ऑक्सिजन गेलेला असू शकतो.

कोणता पदार्थ या पिशव्यांत कसा टिकला, हे दोन वर्षांत उघडून पाहिलेल्या पिशव्यांवरून लिहीत आहे. पॉलिश केलेला पांढरा तांदूळ दोन वर्षांनी उघडला, तरी वासात किंवा चवीत फरक जाणवला नाही. हातसडीच्या तांदळाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या कोंड्यात तेल असते आणि ते खवट होते, म्हणून त्याचा लांबचा साठा करू नये. जाड पोहे सोळा महिन्यांनी उघडले, ते भिजवल्यावर ताज्यासारखे मऊ झाले. घरची थालिपीठाची भाजणी आठ महिन्यांनी उघडली तेव्हा तिचा खमंगपणा बराचसा शिल्लक होता, आणि डब्यात ठेवलेली त्याच दळणाची भाजणी तोवर वासाला उतरलेली होती. शेंगदाणे सहा महिने उत्तम राहिले. दहाव्या महिन्यात किंचित खवट लागले. तूरडाळीला कीड लागली नाही, पण ती जुनी होईल तसतशी शिजायला अधिक वेळ घेते आणि पुराच्या दिवसांत इंधन हीच सर्वांत महाग वस्तू असल्यामुळे साठ्यासाठी मी आता मूगडाळ आणि मसूरडाळच भरते. साखर, मीठ आणि गूळ यांना ही पिशवी उपयोगी आहे, पण पुडी अजिबात टाकू नये. साखरेत टाकली, तर साखरेचा दगड होतो. पावसाळ्यात डब्यात पाझरणारा गूळ मात्र नुसत्या पिशवीत कोरडा राहिला. ओलसर पदार्थ, अर्धवट वाळलेली फळे किंवा ओलसर मसाले पुडी टाकून हवाबंद करू नयेत, कारण ओलावा असून ऑक्सिजन नसेल अशा जागी जीवघेणे विष तयार करणारे जंतू वाढू शकतात. भरण्यापूर्वी धान्याला मे महिन्याचे कडक ऊन दाखवून, ते पूर्ण निवल्यावरच पिशवीत घालावे.

गहू मी या साठ्यातून काढूनच टाकला आहे. गव्हाचा दाणा उत्तम टिकतो यात शंका नाही, पण वीज गेली की पिठाची गिरणी बंद पडते, आणि दळण नसलेला गहू उपाशी माणसाच्या काय कामाचा? वर्षाचा गहू पूर्वीप्रमाणेच घ्यावा, तो आणीबाणीच्या साठ्यात मोजू नये.

या पिशव्यांचा एक मोठा दोष विक्रेते सांगत नाहीत. उंदीर त्या सहज कुरतडतात, आणि पूर आला की खालच्या मजल्यावरचे उंदीर माणसांच्या आधी वर येतात. म्हणून पिशव्या झाकणाच्या स्टीलच्या पिंपात किंवा पत्र्याच्या पेटीत ठेवणे अनिवार्य आहे, आणि तो खर्च पिशव्यांच्या किमतीत धरूनच निर्णय घ्यावा. जाहिरातीत लिहिलेल्या 25 वर्षांच्या हमीवरही मी विसंबणार नाही. तसे आकडे थंड आणि कोरड्या जागेसाठी काढलेले असतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून अधिक उष्णता असते. उष्णता वाढली की अन्न टिकण्याची मुदत झपाट्याने घटते. मी तांदळाला तीन वर्षे आणि शेंगदाणे सोडून बाकी सगळ्याला एक वर्ष एवढीच मुदत धरते, आणि दर अक्षय्य तृतीयेच्या सुमारास जुने वापरात काढून नवे भरते.

आता तयार अन्नाच्या पाकिटांविषयी. शिजवलेले अन्न पाकिटात घालून, पाकीट बंद करून, मग दाबाखाली तापवून निर्जंतुक करण्याचे हे तंत्र आपल्याकडे म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने सैन्यासाठी विकसित केले, आणि त्यातूनच आज दुकानात दिसणारी डाळ-भाजीची पाकिटे आली. अन्न पूर्ण शिजलेले असल्यामुळे ते गरम न करता खाता येते, आणि हाच त्याचा खरा गुण. मी एका रविवारी दुपारी चूल न पेटवण्याचे ठरवून घरच्यांना ही पाकिटे थंडच वाढली. राजमा आणि छोले सगळ्यांनी खाल्ले. पनीरच्या भाजीवर तुपाचा थर गोठला होता, ती कोणाला घशाखाली उतरवेना. पण खरी अडचण मिठाची निघाली. जवळजवळ प्रत्येक पाकीट इतके खारट होते की जेवणानंतर प्रत्येकाने नेहमीपेक्षा तांब्याभर पाणी जास्त प्यायले, आणि पुरात पिण्याचे पाणीच मोजून वापरावे लागते. माझ्या सासऱ्यांना रक्तदाबाचा विकार आहे, त्यांच्यासाठी हे अन्न मी ठेवणार नाही. पाच माणसांना चार दिवस दोन्ही वेळ म्हटले, तर एका माणसाला एक पाकीट धरून चाळीस पाकिटे लागतात; तो खर्च आमच्यासारख्या घराला पेलणारा नाही. पहिल्या दिवसाच्या गोंधळासाठी आठ-दहा पाकिटे ठेवावीत, एवढेच माझे मत आहे. गरम पाणी ओतून होणाऱ्या पाकिटांपैकी पोहे थंड पाण्यातही वीस मिनिटांत खाण्याजोगे झाले, उपमा मात्र कचकचीतच राहिला.

चुलीविना खाता येणाऱ्या अन्नात मला सर्वाधिक भरवशाचे वाटले ते आपल्या भागातलेच. दडपे पोहे, सातूचे पीठ गुळाच्या पाण्यात कालवून, तासगावचे बेदाणे, फुटाणे, राजगिऱ्याच्या वड्या आणि लहान मुलांसाठी दुधाची भुकटी. जयसिंगपूरचे भडंग सगळ्यांना आवडते, पण त्याला तेल लावलेले असते. ते दोन महिन्यांपेक्षा जास्त ठेवू नये, त्याऐवजी कोरडे चुरमुरे हवाबंद ठेवावेत.

एक सूचना कळकळीने करावीशी वाटते. धान्याला कीड लागू नये म्हणून ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात आणू नयेत. या गोळ्यांना ओलावा लागला की त्यांतून फॉस्फिन हा प्राणघातक वायू सुटतो. बंद खोलीत त्या नेहमीच धोक्याच्या. पाणी चढत असलेल्या घरात तर त्यांचे नावही नको.

पाण्यासाठी मी दर माणशी दिवसाला चार लिटर असा हिशेब धरून झाकणाचे कॅन वर ठेवते आणि सोबत क्लोरीनच्या गोळ्या ठेवते.

एकूण निर्णय सांगायचा, तर दोन किलोच्या मायलर पिशव्या मी पुन्हा घेईन आणि इतरांनाही घ्यायला सांगेन; पाच किलोच्या घेणार नाही. पुड्या घ्याव्यात, पण हिशेब स्वतः करावा. तयार पाकिटे मोजकीच घ्यावीत आणि घेताना मिठाचे प्रमाण वाचावे.

पिशव्यांवर मी जाड शाईने पदार्थ आणि तारीख लिहिते, पण वीज गेल्यावर अंधारात ते वाचता येत नाही, हे गेल्या पावसाळ्यात एका रात्री सासूबाईंच्या लक्षात आले. तेव्हापासून न शिजवता खायच्या प्रत्येक पिशवीच्या कानाला त्यांनी सुतळीची एक गाठ बांधून ठेवली आहे. पेटीत हात घातला की गाठीची पिशवी चाचपून कळते, आणि तीच आधी बाहेर काढायची असे घरातल्या मुलांनाही आता ठाऊक आहे.